छत्र्यांच्या कोपऱ्यातला तिसरा धडा

बेकतूर त्या रविवारी सकाळी बागेत शिरला तेव्हा त्याच्या वहीत एकही ओळ नव्हती आणि सोमवारी आठ वाजेपर्यंत त्याला वीस ओळी हव्या होत्या.

चिनी भाषा शिकवणाऱ्या सू बाईंनी नव्या सत्राच्या पहिल्याच तासाला फर्मान काढले होते. "दर रविवारी शहरात जायचं. कुणीतरी हातानं लिहिलेलं काहीतरी शोधायचं, त्यातल्या वीस ओळी उतरवून घ्यायच्या, आणि ज्यानं लिहिलंय त्याच्याशी बोलायचं. फोनवर फोटो काढून आणलात तर मार्क फोनला देईन, तुम्हाला नाही."

वर्गातल्या इतरांना हे जमण्यासारखे होते. बेकतूरची अडचण वेगळी होती. किर्गिझस्तानातल्या नारीन नावाच्या डोंगरी गावातून चेंगडूला येऊन त्याला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत त्याचे खरेखुरे संभाषण फक्त वसतिगृहाच्या खानावळीतल्या बाईंशी झाले होते. तेही "अजून एक" एवढेच. शहराला त्याच्या बोलण्याची गरजच पडत नसे. दुकानात फोन पुढे केला की पैसे पोचत, बसमध्ये फोन पुढे केला की आत जाता येई, आणि रस्ता विचारण्यासाठी थांबवलेला माणूस तोंड उघडण्याऐवजी आपल्या फोनवरचा नकाशा त्याच्या नाकासमोर धरी. जूनमध्ये तोंडी परीक्षा होती. तीत नापास झाल्यास शिष्यवृत्ती बंद आणि परतीचा प्रवास ठरलेला. तिकडे नारीनच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या त्याच्या वडिलांनी, आमचा मुलगा चिनी लोकांशी चिनीतून वाद घालतो, असे सगळ्या गल्लीला सांगून ठेवले होते.

त्या दिवशी ऊन पडले होते. फेब्रुवारीत ऊन पडले की चेंगडूत घरात कोणी थांबत नाही. चहावाल्याच्या बांबूच्या खुर्च्या नऊ वाजताच भरल्या होत्या आणि सूर्यफुलाच्या बिया सोलण्याचा आवाज तळ्यापर्यंत येत होता. तळ्यापलीकडे वाट वळते तिथे बेकतूरला पन्नासेक उघड्या छत्र्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या दिसल्या. प्रत्येक छत्रीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्याने एक कागद लावलेला होता, आणि प्रत्येक छत्रीमागे घडीच्या स्टुलावर कुणाची तरी आई किंवा कुणाचे तरी वडील बसले होते. कागद हाताने लिहिलेले होते. बेकतूरला हायसे वाटले.

त्याने वाकून पहिला कागद वाचला. 'मुलगी. वय एकतीस. उंची १६२. पदवीधर, सरकारी नोकरी. स्वतःचे दोन खोल्यांचे घर. स्वभाव शांत. मुलगा निर्व्यसनी, १७५ च्या वर, नीट बोलणारा असावा.' खाली फोन नंबर.

हा कागद कशासाठी आहे, हे त्या शहरातल्या कुणालाही सांगावे लागले नसते, आणि म्हणूनच लग्न हा शब्द पन्नास छत्र्यांपैकी एकीवरही लिहिलेला नव्हता. मुले-मुली नोकरीत गुंतलेली, त्यांना वेळ नाही किंवा इच्छा नाही. तेव्हा आईवडीलच दर रविवारी इथे येऊन स्थळे पाहत बसत. बेकतूरने मात्र अगदी अशाच मजकुराचे कागद वसतिगृहाच्या फलकावर पाहिले होते. एकमेकांची भाषा शिकू इच्छिणारे विद्यार्थी तिथे आपले वय, शिक्षण, स्वभाव आणि फोन नंबर लिहून ठेवत. शहरातल्या कुटुंबांनीही तशीच सोय केलेली दिसते, असा तर्क त्याने केला, आणि एकदा तर्क केल्यावर सगळे त्यात व्यवस्थित बसत गेले. उंची लिहिली आहे ती मेट्रो स्टेशनवर एकमेकांना ओळखता यावे म्हणून. स्वतःचे घर आहे, म्हणजे अभ्यासाला बसायला जागा आहे. निर्व्यसनी हवा, कारण सिगारेट ओढणाऱ्याचे उच्चार घोगरे होतात. 'नीट बोलणारा असावा' हे वाचून मात्र तो थोडा खचला. पण उंची होती. त्याने वही काढली आणि उभ्यानेच लिहायला सुरुवात केली.

"काय लिहितोयस रे पोरा?"

छत्रीमागून एक रुंद, लालबुंद चेहऱ्याच्या बाई उठल्या होत्या. त्या झोंगबाई. कापडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्या या कोपऱ्याचा कारभार पाहत. कुणी त्यांना तो दिलेला नव्हता, आणि त्यांच्याकडून काढून घेण्याची हिंमतही कुणात नव्हती.

बेकतूर ताठ उभा राहिला. त्याचे चिनी सगळे पुस्तकातून आलेले होते. "नमस्कार. मी एक विद्यार्थी आहे. आपले हस्ताक्षर सुंदर आहे. मी ते उतरवून घेऊ शकतो का?"

झोंगबाईंनी शेजारणीकडे पाहिले. लोक येत, फोनने फोटो काढत, निघून जात. हाताने उतरवून घेणारा मुलगा त्या जागी कुणी पाहिला नव्हता. "बघ. याला म्हणतात वळण," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि त्याच्याकडे वळल्या. "वय किती तुझं?"

"माझे वय एकवीस वर्षे आहे."

"उंची?"

"माझी उंची एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर आहे."

"घरी कोण कोण?"

"आमच्या घरी पाच माणसे आहेत. वडील, आई, दोन लहान बहिणी आणि मी."

"वडील काय करतात?"

"माझे वडील शिक्षक आहेत. ते नेहमी कामात असतात, परंतु ते आनंदी आहेत."

हे त्याच्या पाठ्यपुस्तकातल्या तिसऱ्या धड्यातले प्रश्न होते आणि धड्यातल्याच क्रमाने येत होते. पाच महिने तो ज्या माणसांना शोधत फिरत होता ती सगळी इथे तळ्याकाठी स्टुलावर बसली होती, आणि त्यांना त्याच्याबद्दल सगळे जाणून घ्यायचे होते.

"एकवीस म्हणजे लहानच की गं," शेजारीण कुजबुजली. "तुझी एकतिसाची."

"वय काय, वाढतंच," झोंगबाई म्हणाल्या.

त्या सकाळी त्याने तेरा छत्र्यांपुढे तिसरा धडा म्हणून दाखवला. प्रत्येक ठिकाणी त्याला बिया, संत्री आणि गरम पाणी मिळाले. घरून निघताना पाहुण्याने पावाचा तुकडा तरी मोडून तोंडात टाकलाच पाहिजे, अशा रीतीत तो वाढलेला होता. कुणा वडीलधाऱ्याने पुढे केलेले खाणे नाकारणे त्याला माहीतच नव्हते. त्यामुळे तो प्रत्येक छत्रीपाशी खात राहिला, आणि प्रत्येक छत्रीमागच्या आईला वाटले की याला आपल्याकडचे विशेष आवडले.

चौदावी छत्री निळी होती. विटून विटून राखाडी झालेली. ती गरम पाण्याच्या नळाजवळ, गिंकोच्या झाडाखाली होती. ही त्या कोपऱ्यातली सर्वांत चांगली जागा. मागे एक कृश, सत्तरीपलीकडचे गृहस्थ बसले होते आणि ते कुणालाच काही विचारत नव्हते. कागदावर 'वय पस्तीस, उंची १६५, दातांची डॉक्टर' वगैरे मजकूर होता. पण अक्षर असे होते की बेकतूर वाचायचे सोडून नुसते पाहत राहिला. कुंचल्याने लिहिलेले, शांत, एकाच श्वासात लिहिल्यासारखे. तो खाली गवतावर बसला आणि उतरवू लागला.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. "ही रेघ वरून खाली. तू खालून वर नेतोयस."

बेकतूरने खोडून पुन्हा काढली.

"आता बरोबर. घाई नको. कुठे जायचंय तुला?"

"मला कोठेही जायचे नाही," बेकतूरने खरे ते सांगितले.

गृहस्थांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. त्यांचे नाव लियाओ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले होते. दोन तास त्यांनी त्याच्या रेघा सुधारल्या. निघताना बेकतूर उभा राहिला, वही छातीशी धरली आणि सबंध सकाळ मनात जुळवलेले वाक्य म्हणाला, "काका, मी चांगला विद्यार्थी नाही, परंतु मी कष्टाळू आहे. मी दर रविवारी आपल्याकडे शिकण्यास येऊ का?"

लियाओंनी त्याच्याकडे पाहिले, मग वहीकडे, मग ओळीतल्या सगळ्या छत्र्यांकडे. या मुलाला आपण कुठे आलो आहोत हे ठाऊक नाही, एवढे त्यांच्या ध्यानात आले. ते सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले.

"ये," ते म्हणाले. "चहाची पत्ती मात्र तू आण."

बेकतूर पुढचे तीन रविवार आला. दर खेपेला तो सगळ्या छत्र्यांना नमस्कार करी, झोंगबाईंच्या प्रश्नांना उत्तरे देई आणि मग निळ्या छत्रीपाशी बसून तोच कागद पुन्हा उतरवी, कारण लियाओंच्या मते पहिल्यांदा उतरवणे म्हणजे नुसती ओळख. सू बाईंनी वहीत लाल शाईने शेरा लिहिला, 'विषय धाडसी. अक्षर सुधारते आहे.' सू बाई स्वतः बत्तीस वर्षांच्या आणि अविवाहित होत्या. या विषयावर वर्गात चर्चा व्हावी अशी त्यांची इच्छा नव्हती.

चर्चा झाली ती छत्र्यांच्या कोपऱ्यात. एकवीस वर्षांचा, उंच, निर्व्यसनी, शिक्षकाचा मुलगा दर रविवारी एकाच छत्रीपुढे बसतो, एकाच मुलीची माहिती तीन-तीनदा लिहून घेतो आणि तिच्या वडिलांसाठी चहाची पत्ती आणतो. यातून काय निष्कर्ष निघतो हे कुणी कुणाला विचारले नाही.

मग मार्चची एकवीस तारीख नेमकी रविवारी आली. किर्गिझ लोकांचा त्या दिवशी नवरोज असतो, आणि नवरोजला बोरसोक तळून ओळखीच्या प्रत्येक घरी वाटायचे असतात. हे म्हणजे शंकरपाळ्याचे फुगीर, मऊ भावंड, मधात बुडवून खायचे. महिन्यापूर्वी बेकतूरची या शहरात एकही ओळख नव्हती. आता पन्नास होत्या. त्याने खानावळीतल्या बाईंची मिनतवारी करून पहाटे त्यांच्या कढईत दोन घमेली बोरसोक तळले. "अजून एक," बाई कढईशी उभ्या राहून चाखत म्हणत होत्या, आणि दोघेही हसत होते. मग तो सणाचा सदरा घालून, वडिलांनी दिलेली पांढरी उंच लोकरी टोपी डोक्यावर ठेवून बागेत गेला.

त्याच्याकडच्या रीतीप्रमाणे पहिला मान सर्वांत जवळच्या वडीलधाऱ्याचा. त्याने लियाओंपुढे वाकून दोन्ही हातांनी बोरसोक दिला. मग ओळीने सगळ्या छत्र्यांकडे वळला आणि रात्री पाठ केलेले वाक्य मोठ्याने म्हणाला, "आज आमच्या घरी शुभ दिवस आहे. लियाओ काकांमुळे या शहरात मला घर मिळाले. कृपया सर्वांनी तोंड गोड करावे."

क्षणभर कुणी बी फोडली नाही. त्या शहरात मुलगा मुलीच्या वडिलांना पहिला मान देऊन चारचौघांत मिठाई वाटतो तो एकाच प्रसंगी.

"ठरलं!" झोंगबाई ओरडल्या, आणि सगळा कोपरा उठून निळ्या छत्रीभोवती गोळा झाला. "लियाओजी, तुम्ही आतल्या गाठीचे निघालात हो! माझ्या छत्रीपुढे हा चार मिनिटं थांबला, आणि तुमच्यापुढे चार रविवार! असू दे, असू दे. पोरगा गुणी आहे. टोपी पांढरी घातलीय ते काही बरं नाही दिसत, पण त्यांच्याकडची रीत असेल."

"मी आभारी आहे," बेकतूर म्हणाला. नवरोजचे एवढे कौतुक त्याने घरीसुद्धा पाहिले नव्हते.

लियाओंना सगळे एका क्षणात समजले. खरे सांगावे तर पन्नास माणसांसमोर मुलाची मान खाली जाणार, आणि तो पुन्हा कधी इकडे फिरकणार नाही. न सांगावे तर... पुढचे काही त्यांना सुचेना. त्यांनी बोरसोक तोंडात टाकला आणि तो जितका वेळ चघळता येईल तितका वेळ चघळत राहिले.

तेवढ्यात झोंगबाईंनी फोटो काढला. एका बाजूला पांढऱ्या टोपीत बेकतूर, दुसऱ्या बाजूला गाल फुगलेले लियाओ, मध्ये छत्री आणि कागद. तो त्यांनी कोपऱ्यातल्या पालकांच्या गटावर टाकला. गटात सव्वादोनशे माणसे होती.

"आता पोरीचंही अभिनंदन करायला नको का?" झोंगबाई म्हणाल्या, आणि कागदावरचा नंबर लावू लागल्या. लावला, ऐकला, भुवया चढवल्या. पुन्हा लावला. "हे काय? नंबर अपुरा आहे म्हणतेय बाई."

"तुमचा चष्मा कुठाय?" कोणीतरी म्हणाले.

"डोळ्यांवर आहे!"

त्यांची अडचण पाहून बेकतूर तत्परतेने पुढे झाला. या एका बाबतीत त्याच्याइतकी पक्की माहिती कुणाकडेच नव्हती. त्याने वही उघडली. "काकू, आपण बरोबर वाचला आहे. मी हा नंबर चार वेळा लिहिला आहे. चारही वेळा दहाच आकडे आहेत."

मोबाइलचा नंबर अकरा आकडी असतो हे त्या देशात लहान मुलालाही माहीत असते. सगळ्यांनी आधी कागदाकडे पाहिले आणि मग चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाकडे.

"राहून गेला असेल एखादा," एक मऊ स्वभावाचे गृहस्थ म्हणाले.

"चार वर्षं?" झोंगबाईंचा आवाज चढला. "माझ्या भाच्यानं दोनदा फोन लावला होता या नंबरवर! लागला नाही तर मी त्यालाच मूर्ख म्हणाले! लियाओजी, चार वर्षं तुम्ही गरम पाण्याच्या नळाशेजारी बसलात. लोक पहाटे पाचला येऊन जागा धरतात इथं. आणि छत्रीवर असा नंबर, जो कुणाला लागणारच नाही? थट्टा मांडलीय आमची?"

"जागा सोडायला सांगा," मागून कोणी म्हणाले. आणखी दोघांनी री ओढली.

लियाओ छत्रीची दांडी धरून उभे होते. दुरून पाहणाऱ्याला वाटले असते की पाऊस आहे. बेकतूरला एवढेच समजले की काकांची जागा जाते आहे, आणि तीही त्याने आकडे मोजून दाखवल्यामुळे. त्याने वही घाईघाईने मिटली.

ही वादावादी वीसेक मिनिटे चालली असेल, तेवढ्यात वाटेवरून एक बाई जवळजवळ धावत आल्या. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात खाली ओढलेला मास्क, हातात फोन. रुग्णालय दोनच स्टेशने दूर होते, आणि तिथल्या नर्सच्या मावशीचे नाव सव्वादोनशेंच्या गटात होते.

"बाबा!" त्या म्हणाल्या. "खुर्चीवर माणूस तोंड उघडून बसलाय माझा! नर्स येऊन म्हणते, अभिनंदन डॉक्टर! हा... हा टोपीवाला कोण?"

बेकतूर पुढे आला. अखेर ही भेट होत होती. "नमस्कार डॉक्टर. आपली उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर आहे. मी आपल्याला लगेच ओळखले."

मानछिंग (डॉक्टरांचे हे नाव त्याने चार वेळा लिहिले होते) त्याच्याकडे पाहतच राहिल्या. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तू. माझ्याशी. लग्न करतोयस?"

लग्न हा शब्द अकराव्या धड्यात होता आणि वर्ग दहाव्यावर होता. पण बेकतूर कष्टाळू असल्यामुळे त्याने पुढचे वाचून ठेवले होते. त्याने डावीकडून उजवीकडे छत्र्यांच्या ओळीवर नजर फिरवली. उंची. स्वतःचे घर. निर्व्यसनी. नीट बोलणारा. पन्नास छत्र्यांचा अर्थ एकदम बदलला. त्याचे कान टोपीखाली लाल झाले आणि टोपी उंच असूनही ते लपेनात.

"डॉक्टर, मी गृहपाठ करीत होतो," तो म्हणाला आणि वही पुढे केली.

मानछिंगनी वही उघडली. त्यांचे वय, त्यांची उंची, त्यांचा शांत स्वभाव, सगळे चार वेळा. समासात सू बाईंची लाल शाई. दुसऱ्या पानावर लिहिले होते, 'डॉक्टर फार वाकडी झाली आहे. पुन्हा काढणे.' मानछिंगच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या एवढ्या हसल्या की त्यांना गिंकोच्या खोडाला टेकावे लागले.

"हसतेस काय?" झोंगबाई म्हणाल्या. "बापाला विचार आधी. तुझा नंबर दहाच आकडी लिहून ठेवलाय."

हसणे थांबले. मानछिंगनी छत्रीजवळ वाकून बोटाने आकडे मोजले. "बाबा, विसरलात?"

"मी नंबर विसरत नसतो," लियाओ म्हणाले.

"मग?"

लियाओंनी विटलेल्या कापडावरून हात फिरवला. "तुझी आई बसायची इथं. तिच्या कागदावर अकरा होते. ती गेल्यावर छत्री दाराआड उभी असायची, येता-जाता दिसायची. म्हणून एका रविवारी घेऊन आलो. इथं लोक बोलतात गं. चहा घेता का, पाठ दुखते का, विचारतात. छत्री नसेल तर कोण विचारणार? आणि कुणी फोन करून तुला भंडावलेलं तुला आवडत नाही. म्हणून शेवटचा एक काढला."

"मी रविवारची ड्यूटी मागून घेते," मानछिंग सावकाश म्हणाल्या. "चार वर्षं. का माहितीय? घरी असले तर तुम्ही इथून स्थळं घेऊन याल आणि आपलं भांडण होईल म्हणून."

"आणि मी इथं येतो, तुझी रविवारी ड्यूटी असते म्हणून," लियाओ म्हणाले.

रविवारी आपण कुठे असतो म्हणून आपापल्या मुलांनी सांगितले होते, ते पन्नास आईबाप मनातल्या मनात आठवत असावेत.

बेकतूरने हळूच विचारले, "काका, मला काही माहीत नाही हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते?"

"होतं."

"मग आपण सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या रविवारी आला असतास?"

याचे उत्तर तिसऱ्या धड्यात नव्हते. बेकतूरने उरलेले बोरसोक मानछिंगपुढे धरले. त्यांनी एक उचलला, चाखला आणि बोटांना चिकटलेला मध पाहून सगळ्या कोपऱ्याला उद्देशून म्हणाल्या, "ज्यांनी ज्यांनी हे खाल्लंय त्यांनी चुळा भरा आधी." आणि रुग्णाकडे परत पळाल्या.

"ते सगळं ठीक आहे," झोंगबाईंनी नाक पुसत निवाडा दिला. त्यांना विधवा होऊन सात वर्षे झाली होती. दाराआडच्या छत्रीची गोष्ट त्यांना जरा लागली होती. "पण नियम म्हणजे नियम. नळाजवळची जागा कागदवाल्यांची. पुढच्या रविवारी या छत्रीवर खरा कागद आणि अकरा आकडी नंबर दिसला पाहिजे. नाहीतर लियाओजी, जागा मोकळी करायची. आणि तुम्ही घरी बसायचं."

परीक्षेचे काय झाले ते इथेच सांगून टाकलेले बरे. जूनमध्ये परीक्षकांनी बेकतूरला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितली. त्याने वय, उंची, कुटुंबातली माणसे, वडिलांची नोकरी, आपल्याला व्यसन नाही आणि डोक्यावर घराचे कर्ज नाही, हे न अडखळता सांगून परीक्षकांनाही तेच प्रश्न विचारले. सू बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावून चेहरा लपवला. तो पास झाला.

पण त्याआधी तो पुढचा रविवार यायचा होता. निळ्या छत्रीपाशी त्या सकाळी तिघे जण आले. मानछिंगनी ड्यूटी बदलून घेतली होती आणि त्या घरून आणखी दोन स्टुले घेऊन आल्या होत्या. जागा जाणार असे धरून लियाओंनी थर्मास पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता. बेकतूरने वहीतून एक कागद काढून चिमट्याने छत्रीला लावला. अक्षर बेकतूरचे होते. रेघा वरून खाली गेलेल्या होत्या. या खेपेला त्याने कुठूनही उतरवून घेतले नव्हते.

झोंगबाई बारा छत्र्यांपलीकडून तपासणीला आल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"'पुरुष. वय बहात्तर. उंची १६८. टेलिफोन खात्यातून निवृत्त. स्वतःचे दोन खोल्यांचे घर. एक मुलगी, ती रविवारी घरी असते. अक्षर उत्तम. रागावत नाहीत. रेघ चुकली तर पुन्हा काढायला सांगतात. चहा स्वतः करतात.'" त्यांनी चष्मा वर केला. "'हवे आहे: रविवारी गप्पा मारणारे कुणीही. उंचीची अट नाही.' हे काय रे, पोरा?"

"मी डॉक्टरांना विचारूनच लिहिले आहे, काकू," बेकतूर म्हणाला.

"मला कुणी विचारलं?" लियाओ दचकून म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं मला, बाबा?" मानछिंग म्हणाल्या. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढले, खाली वाकून लियाओंच्या मोबाइल नंबरात मोकळा ठेवलेला शेवटचा आकडा घातला आणि पेन बंद केले.

झोंगबाईंनी ओठ हलवत आकडे मोजले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग त्या आपल्या छत्रीकडे परत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि पाठ फिरवून पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

लियाओंच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी तो काढून अनोळखी नंबराकडे पाहिले, मग मुलीकडे, मग बेकतूरकडे. तो वाजतच राहिला.

"अहो काका, बघताय काय नुसतं?" बेकतूर म्हणाला. "उचला की!"

लियाओंनी फोन कानाला लावला.

"काही नाही," बारा छत्र्यांपलीकडून आणि फोनमधून एकाच वेळी आवाज आला. "लागतो का ते बघत होते." आणि थोड्या वेळाने, "पाणी उकळलंय का तुमच्या नळाचं? माझा थर्मास रिकामा आहे."